नदीची मापपट्टी

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे निघालो की रस्ता डोंगर चढू लागतो. सागाची झाडे, मुरमाड टेकड्या आणि मधून मधून काळ्या जमिनीची शेते दिसू लागतात. याच वाटेवर मेडशी हे गाव आहे. आज मेडशी वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात येते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी हा सारा भाग अकोला जिल्ह्यातच होता.

विद्यार्थी मित्रांनो, या डोंगराळ भागाची एक गंमत नकाशात पाहण्यासारखी आहे. वाशीम जिल्ह्यातून एक उंचवटा जातो. त्याच्या उत्तरेकडील उतारावर पडलेला पाऊस काटेपूर्णा, मोर्णा अशा नद्यांच्या वाटेने पूर्णा नदीत जातो. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडील उतारावर पडलेला पाऊस मात्र पैनगंगेत जातो. तिथून तो वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. म्हणजे एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक भारताच्या पश्चिम किनाऱ्याला जातो आणि दुसरा पूर्व किनाऱ्याला! दोन नद्यांच्या खोऱ्यांना वेगळे करणाऱ्या अशा उंचवट्याला ‘जलविभाजक’ म्हणतात.

येथे एक शब्द लक्षात ठेवा. उर्दूत ‘दरिया’ म्हणजे नदी. मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र. शब्द एकच, पण भाषा बदलली आणि नदी समुद्रात जाऊन मिळाली. मराठीत ‘दर्याला पूर आला’ असे कोणी लिहीत नाही. पूर येतो तो नदीला. उर्दूतला ‘सैलाब’ म्हणजेच मराठीतला ‘पूर’.

आता प्रश्न असा, की नदीला पूर आला हे सांगायचे कशावरून? गावातील वडीलधारी माणसे म्हणतात, “त्या वर्षी पाणी वडाच्या पारापर्यंत आले होते.” दुसरा म्हणतो, “नाही, पाराच्याही वर दोन हात होते.” दोघेही खरे बोलत असतील. पण वीस वर्षांनी वड पडतो, पार मोडतो आणि मग त्या पुराची उंची कोणालाच सांगता येत नाही. आठवण ही मोजमापाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून नदीच्या काठावर किंवा पुलाच्या खांबावर एक पट्टी बसवतात. तिच्यावर मीटर आणि सेंटिमीटरच्या खुणा असतात. हीच मापपट्टी. खात्यातील माणसे तिला ‘गेज’ म्हणतात.

पट्टी दिसायला साधी असते. पांढऱ्या रंगावर काळ्या खुणा आणि मोठे आकडे; लांबून, पावसात आणि कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडातही वाचता यावेत इतके मोठे. नदीचा काठ उतरता असेल तर एकच उंच पट्टी उभी करून भागत नाही. मग काठावर पायऱ्यांसारख्या अनेक पट्ट्या रोवतात. खालची पट्टी जिथे संपते तिथल्याच उंचीवर वरची सुरू होते. पाणी चढत जाईल तसा वाचणारा माणूस एकेक पट्टी वर सरकत जातो.

पण पट्टीवरचा शून्य कुठे ठेवायचा? नदीच्या तळाशी ठेवावा, असे तुम्हांला वाटेल. तळ मात्र एका जागी राहत नाही. एका पुरात तिथली वाळू वाहून जाते, दुसऱ्या पुरात नवा गाळ येऊन बसतो. म्हणून पट्टीच्या शून्याची उंची समुद्रसपाटीपासून मोजून ठरवतात. जवळच्या पक्क्या दगडावर किंवा बांधकामावर उंचीची खूण करून ठेवतात. पट्टी पुरात वाहून गेली तरी त्या खुणेवरून नवी पट्टी नेमक्या त्याच उंचीवर बसवता येते.

हे नीट समजले नाही तर वर्तमानपत्रातील बातमी वाचताना घोटाळा होतो. जुलै २०२३ मध्ये दिल्लीला यमुनेचा मोठा पूर आला. जुन्या लोखंडी रेल्वे पुलापाशी पाण्याची पातळी २०८.६६ मीटर झाली. तिथे याआधीचा उच्चांक १९७८ चा होता, २०७.४९ मीटरचा. याचा अर्थ यमुना २०८ मीटर खोल झाली असा मुळीच नाही. कुतुबमिनारही इतका उंच नाही! पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून २०८.६६ मीटर उंच होता, एवढाच त्याचा अर्थ. तिथली धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. वजाबाकी केली तर पाणी धोक्याच्या रेषेच्या तीन मीटरांहून अधिक वर गेले होते, हे कळते. कामाचा आकडा तो आहे.

पट्टी वाचणे हे सोपे काम आहे, पण ते चुकवता येत नाही. नद्यांवरील अनेक मापनस्थळे केंद्रीय जल आयोग चालवतो, तर काही राज्याच्या जलसंपदा विभागाकडे आहेत. एरवी दिवसातून ठरावीक वेळांना वाचन होते. पावसाळ्यात पाणी वाढू लागले की दर तासाला वाचावे लागते. रात्रीसुद्धा, पाऊस कोसळत असतानासुद्धा. सारे गाव नदीपासून दूर जात असते, तेव्हा हा एक माणूस नदीकडे चाललेला असतो. त्याने पाहिलेला आकडा तो वहीत लिहितो आणि लगेच पुढे कळवतो. पूर्वी हे निरोप बिनतारी यंत्रावरून जात. आता फोन आणि उपग्रह आहेत.

आणखी एक गोष्ट. नदी कोरडी पडली की वाचन थांबवायचे का? नाही. ‘आज प्रवाह शून्य’ हीसुद्धा एक नोंद आहे. वहीत रिकामी जागा असेल तर नदी आटली होती की माणूस गेलाच नव्हता, हे पुढे कोणाला कळणार? घरी बसून अंदाजाने भरलेला आकडा तर रिकाम्या जागेपेक्षाही वाईट. रिकामी जागा निदान खोटे बोलत नाही.

नदी मोजण्याची ही रीत आजची नाही. इजिप्तमध्ये कैरो शहराजवळ नाईल नदीत रोदा नावाचे बेट आहे. तिथे इ. स. ८६१ मध्ये, अब्बासी खलिफा अल्-मुतवक्किल याच्या काळात, नदी मोजण्याची एक वास्तू बांधली गेली. तिचे नाव ‘मिकयास’. हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत मोजण्याच्या साधनाला आपण ‘मिकयास’ म्हणतोच. या कामाशी अल्-फर्गानी या नामवंत खगोलशास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. नदीकाठी एक खोल चौकोनी विहीर आहे. तिच्या मधोमध आठ बाजूंचा संगमरवरी खांब उभा आहे. नदीचे पाणी भुयारांतून विहिरीत येते. त्यामुळे नदीच्या लाटा आणि ओढ विहिरीत पोहोचत नाहीत, पण पातळी मात्र नदीइतकीच राहते. खांबावर हाताच्या मापाच्या खुणा आहेत.

नाईलचे पाणी सुमारे सोळा हात चढले तर वर्ष चांगले, असे मानले जाई. पाणी त्याहून फार कमी चढले तर शेतांना पाणी व गाळ मिळत नसे आणि दुष्काळ पडे. फार जास्त चढले तर गावे बुडत. सरकारने शेतसारा किती घ्यायचा, तेही या खांबावरून ठरे. कैरोच्या गल्ल्यांतून मुनादी देणारा फिरत असे आणि आज नदी किती बोटे चढली ते ओरडून सांगत असे. शेतकऱ्याची भाकरी आणि बादशहाचा खजिना, दोन्ही एका दगडी खांबावरील खुणेवर अवलंबून! पुढे १९७० मध्ये आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले. त्यामुळे कैरोचा वार्षिक पूर थांबला आणि मिकयासचे कामही संपले. ती वास्तू मात्र अजून उभी आहे.

आता थोडे गणित करू. पातळी समजली म्हणजे पाणी समजले असे होत नाही. अरुंद ओढ्यात एक मीटर पाणी आणि रुंद पूर्णेत एक मीटर पाणी, यांत मोठा फरक आहे. एका सेकंदात किती पाणी पुढे सरकते, ते काढावे लागते. याला ‘विसर्ग’ म्हणतात. वर्तमानपत्रात ‘धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग’ अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे सुमारे २८ लिटर. दर सेकंदाला एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणजेच सुमारे ३५ क्युसेक.

विसर्ग काढण्याची एक सोपी रीत शाळेजवळच्या ओढ्यावरही करून पाहता येईल. ओढा शांत असेल तेव्हाच आणि शिक्षकांबरोबरच हे करावे. ओढ्याचा एक सरळ भाग निवडा. काठावर ३० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना काठ्या रोवा. वरच्या काठीजवळ पाण्यात एक लिंबू सोडा आणि ते खालच्या काठीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते पाहा. समजा, ५० सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला ०.६ मीटर झाला. पण लिंबू पृष्ठभागावर तरंगते आणि तळाशी पाणी दगडगोट्यांना घासून हळू चालते. म्हणून हा वेग ०.८५ ने गुणतात. उत्तर येते ०.५१. आता ओढ्याची रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली अर्धा मीटर असेल, तर पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर झाले. २ गुणिले ०.५१ म्हणजे १.०२. दर सेकंदाला सुमारे हजार लिटर पाणी! उन्हाळ्यात गावाला येणारा दहा हजार लिटरचा टँकर त्या ओढ्याने दहा सेकंदांत भरला असता.

मोठ्या नदीवर लिंबाने भागत नाही. तिथे प्रवाहमापक वापरतात. त्याला लहान वाट्यांचे चक्र असते. पाण्याच्या जोराने ते फिरते आणि त्याचे फेरे मोजून वेग काढतात. नदीच्या रुंदीचे अनेक उभे भाग पाडतात. नावेतून, पुलावरून किंवा तारेवरच्या पाळण्यातून प्रत्येक भागाची खोली आणि वेग मोजतात. मग सगळ्या भागांचे विसर्ग मिळवतात. या कामाला बराच वेळ लागतो. महापुरात, लाकडाचे ओंडके आणि झाडे वाहून येत असताना, ते जिवावरचे काम होते.

मग दर तासाला विसर्ग कसा कळतो? त्यासाठी एक युक्ती आहे. वेगवेगळ्या पातळ्यांवर पाणी असताना विसर्ग अनेकदा मोजून ठेवतात. आलेखाच्या कागदावर एका बाजूला पातळी आणि दुसऱ्या बाजूला विसर्ग मांडून एक वक्ररेषा काढतात. ही रेषा एकदा तयार झाली की पुढे फक्त पट्टी वाचायची आणि रेषेवरून विसर्ग काढायचा. या रेषेचा आकार पाहण्यासारखा असतो. पाणी दुप्पट उंच चढले तर विसर्ग दुप्पट होत नाही. तो त्याहून कितीतरी अधिक होतो. कारण पाणी चढले की नदी रुंदही होते आणि वेगवानही होते. पुरात शेवटचा एक मीटर पहिल्या मीटरपेक्षा इतका भयंकर का असतो, ते यावरून कळेल. नदीचा तळ बदलतो म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर नदीचा छेद पुन्हा मोजतात आणि ती रेषा दुरुस्त करतात.

आपल्या भागातील नद्यांचे वर्ष जूनपासून सुरू होते. जलविज्ञानाच्या वह्यांतही वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपते. जानेवारीत वर्ष सुरू करणे या नद्यांच्या बाबतीत तसे निरर्थकच आहे. अरबी ‘मौसम’ या शब्दापासून ‘मान्सून’ हा शब्द आला, असे मानतात. आणि आपल्या नद्यांना खरोखर तो एकच मौसम आहे. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वऱ्हाडातील बहुतेक भागाखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यात पाणी फार मुरत नाही. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की ओढा काही तासांत भरून वाहतो आणि पाऊस थांबला की तसाच लवकर उतरतो. पट्टीवरील आकड्यांचा आलेख काढला तर चढण उभी असते. उतरण आधी वेगाने आणि मग सावकाश होत जाते.

ती सावकाश उतरण महत्त्वाची आहे. पाऊस संपल्यावर नदीत जे पाणी वाहते, ते मातीत आणि खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी असते. ते हळूहळू झिरपत नदीत येते. दिवाळीच्या सुमारास तूर आणि हरभरा शेतात असतो, तेव्हा नदीची धार अजून चालू असते. होळीपर्यंत ती तुटते आणि फक्त डोहांत पाणी उरते. मे महिन्यात अनेक ओढ्यांच्या पात्रांतून बैलगाडी जाते. धार कोणत्या आठवड्यात तुटली, ही तारीख दरवर्षी लिहून ठेवली तर फार मोठी माहिती हाती येते. ती तारीख वर्षानुवर्षे मागे सरकत असेल, तर पाऊस कमी झाला, की विहिरी आणि कूपनलिकांतून उपसा वाढला, असा प्रश्न विचारता येतो. माझ्या मते लहान नद्यांच्या बाबतीत पुराच्या उंचीपेक्षाही या तारखेची नोंद अधिक मोलाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

काटेपूर्णेचे पाणी खाली महान येथे अडवले आहे. बार्शीटाकळी तालुक्यातील या धरणाची साठवण सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर आहे. अकोला शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः येथूनच जाते. धरणाच्या भिंतीलाही अशीच मापपट्टी असते. तिच्यावरील पातळी वाचून तक्त्यातून साठा काढतात आणि मग ‘महान धरणात इतके टक्के पाणी’ अशी बातमी अकोल्याच्या वर्तमानपत्रात येते. येथेही एक फसगत होते. धरणातील पाण्याची उंची निम्मी झाली म्हणजे पाणी निम्मे उरले असे नाही. जलाशय वाडग्यासारखा असतो, वर रुंद आणि खाली अरुंद. उंची निम्म्यावर आली की पाणी निम्म्याहून बरेच कमी उरलेले असते. नळाला किती दिवसांआड पाणी सोडायचे, हे ठरवणाऱ्यांना पावसाळा संपताच या तक्त्याकडे पाहावे लागते, कारण पुढच्या जूनपर्यंत नवे पाणी येणार नसते.

आता पाण्याबरोबर आणखी खाली जाऊ. अकोला जिल्ह्यात पूर्णेवर गोपालखेड येथे आणि बुलडाणा जिल्ह्यात येरळी येथे केंद्रीय जल आयोगाची मापनस्थळे आहेत. तापीवर मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर येथे मापनस्थळ आहे. पूर्णा आणि तापी एकत्र आल्यावर भुसावळजवळ हतनूर धरण लागते. त्याला ४१ दरवाजे आहेत. मोठा पाऊस झाला की हे दरवाजे उघडले जातात आणि पाणी खानदेशातून गुजरातेत उकाई धरणात जाते. उकाईच्या खाली सुमारे १०० किलोमीटरवर सुरत शहर आहे.

या साऱ्या साखळीत पट्टी वाचणाऱ्याचा निरोप पाण्याच्या पुढे धावतो. पाण्याला दगडांवरून, वळणांवरून वाहत जायला वेळ लागतो. निरोपाला लागत नाही. वरच्या ठिकाणी पाणी किती चढले आणि केव्हा चढले, हे कळले तर खालच्या ठिकाणी ते किती आणि केव्हा चढेल, याचा अंदाज देता येतो. यालाच ‘पूर-पूर्वानुमान’ म्हणतात. केंद्रीय जल आयोगाने देशात हे काम १९५८ मध्ये दिल्लीला, यमुनेच्या त्या जुन्या रेल्वे पुलापाशी सुरू केले.

पण निरोप पोहोचला म्हणजे संकट टळले असे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला. उकाई धरण आधीच बरेच भरले होते. आवक वाढत गेली आणि शेवटी धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. कित्येक दिवस लोक घरांच्या वरच्या मजल्यांवर अडकून पडले. धरण पावसाळ्यात किती रिकामे ठेवायला हवे होते, यावर नंतर मोठा वाद झाला. धरण रिकामे ठेवावे तर पाऊस न आल्यास पुढे पाण्याची टंचाई. भरून ठेवावे तर पुराच्या वेळी जागा नाही. हा निर्णय धरणावरचा अधिकारी घेतो तो वरून येणाऱ्या पट्ट्यांच्या आकड्यांवर. उशिरा आलेला आकडा किंवा चुकीचा आकडा तिथे लाखो माणसांना महागात पडू शकतो.

पुराच्या आकड्यांत दोन रेषा असतात. एक ‘इशारा पातळी’ आणि दुसरी ‘धोका पातळी’. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. तिथे इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीला कृष्णेवर आयर्विन पूल आहे. तो १९२९ मध्ये बांधला गेला. तिथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ फुटांवर. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली मुले क्रिकेटची धावसंख्या विचारावी तशी पुलाची पातळी विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याच्या रेषेच्या बारा फूट वर! ज्यांनी चाळीस फुटांवरच सामान वरच्या मजल्यावर नेले आणि जनावरे हलवली, त्यांचे बरेच काही वाचले. ज्यांनी ‘२००५ ला पाणी आमच्या दारापर्यंत आले नव्हते, आताही येणार नाही’ असे म्हटले, त्यांच्यापैकी अनेकांना नावेतून बाहेर काढावे लागले.

पट्टीचे आकडे फक्त पुरासाठी नसतात. ते राज्याराज्यांच्या भांडणातही साक्षीदार असतात. कृष्णेचे पाणी महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांत कसे वाटायचे, हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला होता. नदीत मुळात पाणी किती, हे आधी ठरवणे भाग होते. त्यासाठी विजयवाड्याला नोंदवलेल्या प्रवाहाचे १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांचे आकडे कामी आले. त्यांवरून लवादाने १९७३ मध्ये सांगितले, की ७५ टक्के भरवशाचे पाणी २०६० अब्ज घनफूट आहे.

‘७५ टक्के भरवशाचे’ म्हणजे काय? एका फलंदाजाचे वीस डाव घ्या. त्याच्या धावा मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने लिहा. पंधरा डावांत त्याने तीस किंवा अधिक धावा केल्या असतील, तर ‘किमान तीस धावा’ हा त्याचा ७५ टक्के भरवसा. एखाद्या डावात त्याने शतक केले असेल. पण संघाचा हिशेब शतकावर करता येत नाही. नदीचेही तसेच आहे. एका मोठ्या पावसाच्या वर्षाचा आकडा धरून कालवे खोदले, तर बाकीच्या वर्षांत ते कोरडे राहतील. या हिशेबाला चार-पाच वर्षांचे आकडे पुरत नाहीत. वर्षानुवर्षे, सुट्टी न घेता, कोणीतरी पट्टी वाचलेली असावी लागते. १८९४ मध्ये विजयवाड्याला पातळी लिहिणाऱ्या कारकुनाला आपला आकडा पुढे कोणत्या भांडणात वापरला जाईल, याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

मोठ्या नद्यांवर मापनस्थळे आहेत; पण गावाजवळच्या हजारो ओढ्यांवर नाहीत, आणि माणसे दगावतात ती पुष्कळदा याच ओढ्यांवर. शेतातून परत येताना फरशी पुलावरून पाणी वाहत असते. ‘गुडघ्याएवढेच तर आहे’ असे म्हणून माणूस पाय टाकतो. पाणी गुडघ्याएवढे असले तरी त्याचा वेग दिसत नाही, आणि पुलाची फरशी जागेवर आहे की वाहून गेली, तेही गढूळ पाण्यात दिसत नाही. दोन फूट वेगवान पाणी मोटारीलाही ढकलून नेऊ शकते. काही फरशी पुलांच्या कडेला लाल-पांढरे पट्टे रंगवलेले खांब असतात. तीही मापपट्टीच. खांबाच्या खालच्या पट्ट्याला पाणी लागले आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या पट्ट्याला लागले, तर ओढा चढतो आहे आणि वर कुठेतरी पाऊस चालू आहे, हे काठावर उभे राहूनच कळते. पुलाच्या अलीकडे तासभर थांबले, तर तोच ओढा बहुधा उतरूही लागतो. कारण बेसॉल्टच्या भागातील ओढे जसे लवकर चढतात तसे लवकर उतरतात.

शाळेच्या मुलांनी आपल्या ओढ्यासाठी पट्टी तयार करणे अवघड नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडे असताना पुलाच्या खांबावर ग्रामपंचायतीला विचारून दर दहा सेंटिमीटरवर रंगाची खूण करावी. पावसाळ्यात शाळेत येता-जाता, पुलावरूनच, पाणी कोणत्या खुणेला आहे ते पाहावे. पाण्याजवळ उतरू नये. तारीख, वेळ, पातळी आणि आदल्या दिवशी पाऊस झाला की नाही, एवढेच वहीत लिहावे. आठवीतील मुलांनी सुरू केलेली वही त्यांनी दहावी झाल्यावर खालच्या वर्गाकडे द्यावी. अशी दहा वर्षांची वही असलेले गाव ओढ्यावर बंधारा कुठे आणि किती उंच बांधावा, या चर्चेत नुसत्या आठवणी घेऊन बसणार नाही.

आता अनेक पुलांवर स्वयंचलित यंत्रे बसवली आहेत. पुलाच्या कठड्याला लावलेले यंत्र खाली पाण्यावर लहरी सोडते. त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून ते पाण्याची उंची काढते आणि उपग्रहामार्फत आकडा पाठवते. ते झोपत नाही आणि कंटाळत नाही. पण त्याच्यावर कोळी जाळे विणतो, त्याची बॅटरी उतरते, कधी वीज पडून ते बंद होते. म्हणून यंत्राखालची रंगवलेली पट्टी काढलेली नाही. माणूस तिथे जातो, पट्टी वाचतो आणि यंत्राचा आकडा तिच्याशी जुळतो की नाही ते पाहतो. जुळला नाही, तर दुरुस्त यंत्राला करतात, पट्टीला नव्हे.